करवंदवाडीचा उसना कचरा

या, असे पुढे सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा, मृदंगबुवा, तुम्हीही जरा हात पुसून घ्या. महाराजांची गाडी नारायणगावच्या चौकात अडकली आहे, कीर्तनाला अवकाश आहे. तेवढ्यात एक कथा सांगतो. खरी आहे आणि गोड आहे. हातात पाण्याची बाटली असेल तर असू द्या. (टाकू मात्र नका. तिचं काम शेवटी आहे.)

जे मुळात नाही ते कमी करता येत नाही. हे सत्य ऋषिमुनींना सापडलं होतं की नाही, पांडुरंग जाणे. पण 'बालहरित संस्कार अभियाना'च्या मार्गदर्शक पुस्तिकेत ते पान सतरावर, चौकटीत छापलेलं आहे.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, जिथं डांबर संपतं आणि एसटीचा ड्रायव्हर देवाचं नाव घेऊन गाडी वळवतो, तिथं करवंदवाडी. भात, नाचणी, आणि चौथीपर्यंतची एक शाळा. शाळेत अंजनाबाई नावाच्या एकच बाई आणि एका चटईवर मावतील एवढी मुलं. या मुलांना कोवळ्या वयातच शाश्वत जीवनशैलीची गोडी लागावी म्हणून अभियान आलं. हेतू फार थोर. इतका थोर की त्याला दमट हवा बाधू नये म्हणून प्रत्येक पुस्तिका वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवली होती. (पिशव्या मुलांनी त्याच दिवशी पावसाळ्यात दप्तराला घालायला नेल्या. पुस्तिका राहिल्या.)

गुणांची वाटणी अशी: कचऱ्याचं वर्गीकरण, तीस. हात पुढे करून हरित प्रतिज्ञा, दहा. फ्लेक्स, दहा. आणि 'आधीच्या तुलनेत कचऱ्यात झालेली घट', पन्नास.

पहिल्या वर्षी मूल्यमापक साहेब येऊन गेले. करवंदवाडीपुढे त्यांनी शेरा लिहिला: 'आधीचा कचरा निरंक. आताचा कचरा निरंक. सबब घट निरंक. विद्यार्थ्यांना पर्यावरणाची जाणीव असल्याचा पुरावा आढळला नाही.' शेऱ्यात खोट काढायला जागा नव्हती. शेजारच्या एका गावात ओढाभर कचरा होता, त्यांनी तो अर्धा ओढा केला आणि ढाल मिळवली. मेहनतीचं फळ आहे ते, आपण जळू नये.

शेऱ्याखाली आणखी एक ओळ होती. पुढच्या खेपेलाही अनुत्तीर्ण झाल्यास शाळेचं 'समायोजन' करण्यात येईल. समायोजन हा फार मायाळू शब्द आहे. त्याचा अर्थ इथल्या दाराला कुलूप, आणि पोरांनी मधला ओढा ओलांडून खालच्या गावच्या शाळेत जायचं. पहिलीतली भागू सहा वर्षांची. आषाढात त्या ओढ्यातून तिचा बापसुद्धा कमरेला दोर बांधून जातो.

"बाई, साळा बंद व्हनार?" भागूनं विचारलं.

"न्हाई व्हायची. पण कचरा लागंल गं."

"किती?"

"सायबाला दिसंल एवढा."

शाळा समितीची बैठक बसली. (मी समितीत आहे. आवाज खडा असल्यामुळे घेतलं.) गावातून कचरा गोळा करावा, असा ठराव एकमतानं झाला. घरोघर फिरून एक चिंध्यांचं बोचकं मिळालं. ती अंबाबाईची गोधडी निघाली. भागूची ही आजी तेव्हापासून समितीशी बोलत नाही.

मग अंजनाबाई आणि मी जुन्नरला इस्माईलभाईंच्या भंगाराच्या दुकानात गेलो. म्हटलं, थोडा कचरा उसना हवाय.

इस्माईलभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, लोक माझ्याकडं आणून टाकतात. न्यायला आलेलं गिऱ्हाईक आज पयलंच."

"परत आणून देऊ. आहे तस्सा. साहेब येऊन गेले की लगेच."

"पण तुमच्या गावाला सोताचा न्हाई का थोडाफार?"

"न्हाई ना, भाऊ." अंजनाबाईंनी मान खाली घातली. गरिबी कबूल करताना माणसाला लाज वाटतेच.

तेवढ्यात आतून सायराबानूभाभी आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्यालाच झापलं. "अवो, लेकरांच्या साळंचं काम हाय. कायबी काय देताय? पावण्यांपुढं मांडायचंय ना?" आणि लग्नाच्या बस्त्यासारखा त्यांनी एकेक नग निवडायला घेतला. हे ग्लास महाळुंगे पडवळच्या लग्नातले, एकदाच ओठाला लागलेत. ह्या बाटल्या पारगावच्या सभेतल्या, निम्म्या पिऊन ठेवलेल्या. ही मोडकी छत्री, ह्या तुटक्या चपला, वेफर्सच्या पुड्या (आतून चंदेरी), तेलाचे डबे, एक फुटकी बादली. "ही पुडी नगं, लई चुरगाळलीय. बरं न्हाई दिसत." चांगलं गोणीभर झालं. गोणी शिवताना इस्माईलभाई कळवळून म्हणाले, "जपून न्या, राव. नाजूक माल हाय."

शाळेत गोणी सोडली आणि अंजनाबाईंनी पान अकराप्रमाणे पाठ घेतला. "मुलांनो, या वस्तूंचा आता काहीही उपयोग नाही. म्हणा सगळे." सगळे म्हणाले. खणखणीत म्हणाले. पण भागूची नजर चपलांवरून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणी अर्धी झाली होती.

समितीनं तातडीनं शोध घेतला. चंदेरी पुड्या सुतळीला बांधून नाचणीच्या शेतावर फडफडत होत्या, पाखरं उठवायला. चपलांची चाकं कापून पोरांच्या गाड्या उताराला सुसाट सुटल्या होत्या. निम्म्या बाटल्यांत वालाचं बियाणं पडलं होतं. शाळेच्या पायरीशी फुटक्या बादलीत कुणी मिरची लावली होती आणि ती तिथं आपली, जन्मापासून असल्यासारखी उभी होती. कुणीही चोरी मानायला तयार नव्हतं. "पडलं व्हतं की!" एवढाच जबाब. (चौकशी इथेच बंद करण्यात आली, कारण ग्लास आमच्याही घरी निघाले.)

कचऱ्याला पहारा बसवणं भाग होतं. पहाऱ्यावर सावळेराम. माणूस इतका सचोटीचा की सप्त्यात प्रसादाची परात त्याच्याकडे असते आणि खालपर्यंत पुरते. सावळेराम ओसरीत गोणीला टेकून बसला. सकाळी सावळेराम होता. छत्री नव्हती, गोणीतही तळाला काही उरलं नव्हतं.

"सावळेराम, छत्री?"

"हाय की. वढ्यावं." तो शांतपणे म्हणाला. "तारा लई झ्याक व्हत्या. खेकडं वढायला असली तार गावात कुनाकडं न्हाई."

राहिला फ्लेक्स. 'प्लास्टिकला नाही म्हणा', हिरव्या अक्षरात, दहा गुणांचा. त्याला कुणी हात लावणार नाही अशी खात्री होती. तो अंबाबाईच्या शेळ्यांच्या छपरावर सापडला, अक्षरं वर, धोंडे ठेवून पक्का बसवलेला. पाण्याचा थेंब आत येत नव्हता. मी खालून विनवलं. अंबाबाई समितीशी बोलत नसल्यामुळे शेळीकडे बघून म्हणाली, "त्यास्नी सांग, गोधडीवर डोळा ठिवनाऱ्याला फ्लेक्स न्हाई मिळायचा."

आणि नेमके त्याच दिवशी साहेब आले.

साहेब फार प्रेमळ गृहस्थ. चढ चढून दमले होते, तरी हसत होते. त्यांनी अभियानानं दिलेले तीन रंगांचे तीन डबे पाहिले. हिरव्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. निळ्यात पिण्याचं पाणी होतं, वर झाकण. लाल डबा दळण घेऊन गेला होता. वर्गीकरण म्हटलं तर चोख होतं.

"कचरा कुठंय?" साहेबांनी विचारलं.

अंजनाबाईंचा चेहरा खडूसारखा झाला. त्यांच्या मागे मुलं आणि मुलांच्या मागे आम्ही. साहेबांनी पेन काढलं. गेल्या वर्षीचंच पेन होतं, मी ओळखलं. मी मनात विठ्ठलाला हाक घातली, तीही खड्या आवाजातच गेली असावी.

लिहिण्याआधी साहेब वाकले आणि भागूला म्हणाले, "बाळ, कचरा म्हणजे काय? एक तरी दाखव बरं."

भागूनं ओसरी पाहिली, अंगण पाहिलं, उंबराच्या झाडापर्यंत नजर टाकली. मग साहेबांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि त्यांना धीर दिला.

"आत्ता न्हाई, सायेब. तुमी जेवा. मंग व्हईल."

देव कोणत्या रूपानं धावून येईल सांगता येत नाही. आमच्याकडे तो सीलबंद पाण्याच्या बाटल्यांसकट आला. साहेब जेवायला बसले. पोळ्यांची चंदेरी गुंडाळी, भाजीची पिशवी, लोणच्याच्या पुड्या, श्रीखंडाचा डबा, प्लास्टिकचा चमचा (एक वापरायला, एक मोडला तर), बिस्किटांचा ट्रे, दोन बाटल्या प्यायला आणि एक हात धुवायला. करवंदवाडीच्या इतिहासात एवढा कचरा एका जागी कुणी पाहिला नव्हता. पोरं काल्याच्या प्रसादाला उभी राहावीत तशी ओळीनं उभी होती. अंजनाबाईंनी फोटो घेतला: आधी.

जेवण झाल्यावर साहेबांनी खांबाला टेकून जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा ओसरी सारवल्यासारखी स्वच्छ होती. फक्त बाटलीतलं उरलेलं पाणी बादलीतल्या मिरचीखाली मुरत होतं. दुसरा फोटो: नंतर.

"पण तो तर माझा..." साहेब अडखळले.

"पान सतरा, साहेब," अंजनाबाई म्हणाल्या. "आवारात आढळलेला कचरा, असं आहे. कुणाचा ते विचारलेलं नाही."

साहेब नियमाला धरून चालणारे. त्यांनी पान उघडलं, वाचलं, आणि घट शंभर टक्के लिहिली. शाळा राहिली. भागू अजून अनवाणी उड्या मारत घरातून थेट वर्गात येते. इस्माईलभाई गोणी न्यायला आले, वाडीभर फिरले, नाचणीवरच्या पुड्या पाहिल्या आणि रिकाम्या हातानं हसत परतले. "सायराबानूला सांगतो," म्हणाले, "पोरी चांगल्या घरी पडल्या."

आता एकच अडचण आहे. शेऱ्याखाली यंदाही एक ओळ आहे: पुढील वर्षी याहून मोठ्या कचऱ्यातून घट दाखवावी. आम्ही हिशेब मांडून पाहिला. एका पर्यावरणप्रेमी माणसाच्या एका दुपारच्या जेवणावर आमची शाळा वर्षभर चालते. आणि इथं तुम्ही मंडपभर बसला आहात. सगळे शिकलेले. प्रत्येकानं मुलाचा हात धरून एखादं तरी रोप लावलेलं, फोटोसकट. एवढी श्रीमंती मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

ते बघा, महाराजांच्या गाडीचा उजेड दिसला. टाळ उचला. कीर्तन संपल्यावर पंगतीत ग्लास मिळेल, द्रोण मिळेल, बाटली मिळेल. पाणी प्या, पोटभर जेवा, आणि हात पुसून उठताना तेवढी आमच्या भागूची आठवण ठेवा.