डॉक्टरांचे चाळीस टक्के

दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं पेशंट शेवटपर्यंत ऐकून घेत. डॉक्टर फार गोड बोलत म्हणून नव्हे, तर मध्ये बोलायला तोंड रिकामं लागतं म्हणून. ज्याच्या तोंडात कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं आहेत, तो माणूस फार तर "आँ" करतो. त्या "आँ"चा अर्थ डॉक्टर "वा" असा लावत.

सांगत काय, तर आपल्या शेअरची कथा. रंगाच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर त्यांनी वीस वर्षांपूर्वी पोटाला चिमटा घेऊन घेतले होते आणि नंतर त्यांना हात म्हणून लावला नव्हता.

"पन्नासाला एक घेतला," शिंप्याची दाढ कोरता कोरता ते सांगत होते. "आज त्या एका शेअरवर कंपनी वर्षाला वीस रुपये डिव्हिडंड देते. पन्नासावर वीस. किती झाले?"

"आँ," शिंपी म्हणाला.

"बरोबर. चाळीस टक्के. देते का बँक?"

तोच शेअर आज घ्यायचा तर हजार मोजावे लागतात, ही गोष्ट डॉक्टर लपवत नसत. फक्त ती सांगायची वेळ येईपर्यंत दाढ भरून होई आणि पुढचा पेशंट आत येई.

त्यांची बायको बाहेरच्या खोलीत टेबलापाशी बसून पेशंटच्या वेळा लावायची. हे चाळीस टक्के तिलाही पाठ होते, कारण घरात तिच्या प्रत्येक मागणीला तेच उत्तर मिळे. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. दिवसभर दाढा कोरायचं यंत्र कुंई कुंई करत पायाखाली फिरायचं आणि वरच्या कपाटातले पेले थरथरायचे. मागच्या गल्लीत एक घर विकायला निघालं होतं. छोटंसं, अंगण असलेलं आणि मुख्य म्हणजे शांत. शेअर विकले की पैशांची सोय होत होती.

"चाळीस टक्के देणारी वस्तू कुणी विकतं का?" डॉक्टर विचारत. "माझी दाढ उपट, पण शेअर मागू नकोस."

"दाढा उपटायचं काम तुमचं. मी आपली वाट बघते," ती म्हणे. मग चार दिवस आमटीत मीठ कमी पडे.

अशात सासऱ्यांचा दात तुटला. सासरे पोहण्याचे निवृत्त प्रशिक्षक. पाणी दिसलं की आधी उडी मारायची आणि खोली मागाहून बघायची, असा त्यांचा सगळ्याच बाबतीतला खाक्या. कॅपचं माप घ्यायला डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात गुलाबी लगद्याचा साचा बसवला, हलू नका म्हणून बजावलं आणि लगदा घट्ट होईपर्यंत करायचं काय, म्हणून आपली कथा सुरू केली. चाळीस टक्के ऐकल्यावर सासऱ्यांनी भुवया उंचावून जोरात "आँ" केलं. डॉक्टरांना धन्य वाटलं. सासऱ्यांकडून कौतुक त्यांना तसं कमीच मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी बायको हातात फोन घेऊन आत आली.

"बाबा बँकेतली सगळी ठेव मोडताहेत. तुमचे ते शेअर घेणार म्हणे. आता दर वर्षी चाळीस टक्के येणार, या भरवशावर त्यांनी आईला नवीन स्वयंपाकघर कबूल केलंय. गवंडी आला आणि ओटा उखडूनही गेला. शेगडी अंगणात आहे."

त्या ठेवीवर सासू-सासऱ्यांचं महिन्याचं सगळं चालत होतं. डॉक्टरांनी घाईघाईने फोन हातात घेतला.

"बाबा, थांबा जरा. ते चाळीस टक्के मला मिळतात. तुम्हाला दोन मिळतील."

"दोन? शेअर तोच ना?"

"तोच."

"कंपनी तीच ना?"

"तीच, पण मी आधी घेतले."

"म्हणजे तुम्ही रांगेत पुढे उभे होतात म्हणून तुम्हाला ताटभर आणि आम्हाला चमचाभर? जावईबापू, तुमचं काही कमी होणार आहे का आमचं भलं झालं तर?"

खरं बोलावं तर माणूस हात आखडता घेतोय असं दिसावं, अशी मोठी पंचाईत. डॉक्टर जितकं समजावत, तितके सासरे चिडत. संध्याकाळपर्यंत ही बातमी मेहुण्याकडून साडूकडे आणि साडूकडून पोहण्याच्या तलावावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे पोचली. त्यातल्या तिघांनी दुसऱ्या दिवशी दात साफ करून घ्यायची वेळ मागितली. त्यातल्या एकाला दातच नव्हते.

"माझ्या बापाला सांगताना तेवढे दोन टक्के," बायको म्हणाली, "आणि मला सांगताना चाळीस."

आता एकच उपाय होता. कॅप बसवायला सासरे येणारच होते आणि तिथूनच ते ठेव मोडायला बँकेत जाणार होते. त्या दिवशी डॉक्टरांनी कॅप बसवली, दोन्ही गालांत नेहमीपेक्षा दुप्पट कापूस कोंबला, "आता घट्ट चावून धरा, अजिबात बोलायचं नाही," असं सांगितलं आणि एक शब्दही निसटू नये म्हणून यंत्र बंद केलं.

"बाबा, तुमचं घर तुम्ही बांधलंत तेव्हा सगळं स्वस्त होतं. आता मागच्या खोलीचं वर्षाचं भाडं धरलं, तर तेव्हाच्या खर्चाच्या निम्मं होतं. म्हणजे पन्नास टक्के. खरं ना?"

सासऱ्यांनी मान हलवली. या पन्नास टक्क्यांचा त्यांनाही अभिमान होता.

"उद्या ते घर मी आजच्या भावाने विकत घेतलं, तर मला पन्नास टक्के सुटतील का?"

सासऱ्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांना इतकं हलकं वाटलं की ते थांबेचनात. "तसंच हे. तुम्ही हजार मोजणार, वीस मिळणार. दोन टक्के. आणि माझं तरी काय वेगळं आहे? माझा शेअर आज विकला तर हजार येतात. म्हणजे मी हजारच अडकवून बसलोय आणि वीस घेतोय. पन्नास कधीच इतिहासजमा झाले. चाळीस टक्के म्हणायला बरं वाटतं, पण विकायचा की ठेवायचा हे ठरवताना त्याचा काही उपयोग नाही. तिथे आपले दोनच."

यंत्र बंद असल्याने शब्द न् शब्द बाहेरच्या टेबलापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी वळून पाहिलं, तर बायको दारात उभी.

"दोनच?" तिने विचारलं.

"म्हणजे, पुढे कंपनी आणखी वाढेल, तेव्हा..."

"बाबा, तुम्ही ऐकलंत ना?"

सासऱ्यांनी गाल फुगलेल्या अवस्थेत जोरजोरात मान हलवली.

"वरचा मजला भाड्याने दिला तरी दोनपेक्षा जास्त सुटतील," बायको शांतपणे म्हणाली आणि मागच्या गल्लीतल्या घरमालकाला फोन लावायला बाहेर गेली. डॉक्टर खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. वीस वर्षं सांभाळलेली गोष्ट त्यांनी पाच मिनिटांत स्वतःच्या तोंडाने घालवली होती आणि वाईट याचं वाटत होतं की हिशेब अगदी बरोबर होता.

सासऱ्यांनी कापूस काढून तबकात ठेवला. जबडा दोनदा हलवून बघितला.

"छान बसलीय कॅप," ते म्हणाले. "ठेव राहू दे आता बँकेतच. फार पटलं मला तुमचं. पण आमचा ओटा उखडलाय हो. गवंडी म्हणतो, वर्षभर हप्त्याहप्त्याने करू. तेव्हा तुम्ही नव्या घरात गेलात की वरच्या मजल्यावर आम्हीच येतो. फुकट नाही राहणार, भाडं देऊ."

"तुमच्याकडून कसलं भाडं घ्यायचं, बाबा," डॉक्टर सवयीने म्हणाले, पण बायकोचा हिशेब आठवून त्यांनी घसा खाकरला. "तरी... किती म्हणता?"

"वरचा मजला बांधलात तेव्हा केवढा खर्च आला होता?"

डॉक्टरांनी तो जुना, चिमुकला आकडा सांगितला.

"त्याचे दोन टक्के," सासरे म्हणाले आणि चूळ भरायला वाकले.