साळूमावशीची तक्रार आणि पाठांतर करणारे पोपट

एका जंगलात मोबाईलला रेंज भरपूर होती आणि पाणी मात्र दिवसाआड यायचं. मग बाळांनो, तिथले प्राणी काय करत असतील? पाणी शोधत असतील? छे. ते मोबाईलवर झाडं लावायचे.

त्या खेळाचं नाव 'हिरवी आळी'. कंपनी तरसरावांची. खेळात प्रत्येकाला एक अंगण मिळायचं आणि अंगणात आपल्या नावाचा एक बाहुला. त्याने झाड लावायचं, रोज पाणी घालायचं. खरं झाड लावलं असतं तर निदान सावली पडली असती. पण जाऊ दे, मी कोण सांगणारा.

साळूमावशी म्हणजे एक म्हातारं साळिंदर. तिचे यजमान गोंदाजी गेल्या वर्षी वारले. पण खेळात शेजारच्या अंगणात त्यांचा बाहुला उभा असायचा, हातात झारी घेऊन. मावशी रोज सकाळी खेळ उघडायची, "चहा झाला हो" म्हणायची आणि मग आपला कप तोंडाला लावायची.

एके सकाळी ते अंगण रिकामं. कंपनीने साफसफाई काढली होती. वर्षभर जो खेळला नाही, त्याचा बाहुला पुसला.

मावशीने फोन लावला. फोनवर पोपट बसवलेले होते.

"आमचे यजमान दिसत नाहीत," मावशी म्हणाली.

"आपली गैरसोय झाल्याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत," पोपट म्हणाला. "मोबाईल बंद करून पुन्हा चालू करा."

"अरे, ते वारले."

"माहितीबद्दल धन्यवाद. त्यांनी स्वतः अर्ज केल्यास खातं पुन्हा उघडता येईल. सोबत हयातीचा दाखला जोडावा."

हसू नका रे. मावशीने अकरा वेळा फोन केला आणि अकरा वेळा पोपट मनापासून दिलगीर झाला.

बाराव्या वेळी पोपटाचा घसा बसला होता, म्हणून टिटवीबाईंनी फोन उचलला. टिटवीचा आवाज कसा असतो, ठाऊक आहे ना? म्हणूनच तिला आजवर फोनला हात लावू दिला नव्हता. ती मागे कागद लावत बसायची. तिने मावशीचं सगळं ऐकून घेतलं, फोन तसाच ठेवून आत जाऊन आली.

"मावशी, गोंदाजींना आम्ही पुसलं," टिटवी म्हणाली. "न विचारता पुसलं. चूक आमची. मी आत जाऊन विचारून आले, ते आता परत येत नाहीत. मला फार वाईट वाटतंय. कसे होते हो ते?"

मावशी आधी भांडली. मग रडली. मग तासभर सांगत बसली, गोंदाजी चहात साखर किती घालायचे आणि घोरायचे कसे. शेवटी म्हणाली, "बाई, आवाज तुझा भयंकर आहे, पण बरं वाटलं." आणि तिने तक्रार मागे घेतली. वर जंगलभर टिटवीचं कौतुक केलं.

तरसरावांनी टिटवीला बोलावलं. तुम्हाला वाटलं असेल, आता हिची नोकरी जाणार. नाही हो. शाल दिली, श्रीफळ दिलं आणि 'संवादप्रमुख' केलं.

"नेमकं काय बोललीस?" तरसरावांनी विचारलं. तिने सांगितलं ते त्यांनी उतरवून घेतलं आणि पोपटांना पाठ करायला दिलं.

"अहो, ते मावशीपुरतं होतं," टिटवी म्हणाली. "दुसऱ्याचं दुखणं दुसरं असेल. आधी ऐकून घ्यावं लागेल."

"ऐकायला तास लागतो," तरसराव म्हणाले. "म्हणायला अर्धं मिनिट."

प्रमुखांनी फोन घ्यायचा नसतो. टिटवीबाईंना सगळ्यात वरच्या फांदीवर खोली मिळाली. तिथे फोन नव्हता.

पुढच्या आठवड्यात रेडेदादा पासवर्ड विसरला. त्याने फोन केला.

"रेडेदादा, गोंदाजींना आम्ही पुसलं," पोपट गहिवरून म्हणाला. "न विचारता पुसलं. फार वाईट वाटतंय. कसे होते हो ते?"

रेडेदादा बिचारा भला माणूस, म्हणजे भला रेडा. त्याने विचार करून सांगितलं, "चांगले होते." पासवर्ड काही मिळाला नाही, पण तक्रार मिटली. तो तसाच उठून मावशीकडे गेला.

"मावशी," तो म्हणाला, "गोंदाजी पुन्हा गेले का?"

चौकशी केली तेव्हा कळलं, सशालाही हेच ऐकवलं होतं. सांबरालाही.  मावशीने पुन्हा फोन लावला.

"टिटवीला दे."

"टिटवीबाई आता मोठ्या झाल्या. त्या फोन घेत नाहीत. मावशी, गोंदाजींना आम्ही पुसलं. न विचारता..."

मावशीने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"अरे," ती म्हणाली, "नवरा पुसलात तेव्हा मी तिच्यापाशी रडले. आता तिलाही पुसलंत. आता मी कुणापाशी रडू?"

 हे पाठांतरात नव्हतं. पोपटाने समोरचा कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"आपली दुसरी तक्रार नोंदवून घेतली आहे," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तात्पर्य: रागावलेल्या ग्राहकाशी खरं आणि मनापासून बोलावं. एकाशी बोललं की पुरे, बाकीच्यांना नक्कल चालते. आणि जो मनापासून बोलतो त्याला ताबडतोब बढती द्यावी, म्हणजे तो पुन्हा बोलत नाही.