आत्याच्या गाडीचा कडेकोट बंदोबस्त

ठकुबाई आत्याची गाडी कुणालाही उघडता यायची. तिची स्वतःची किल्ली चालायचीच, शिवाय शेजारच्या कावेरीअक्कांच्या कपाटाची किल्लीही चालायची, आणि कुठलीच किल्ली हाताशी नसेल तर पोह्याचा चमचा पुरायचा. पावसाची सर आली की कोपऱ्यावरची फुलवाली आपली टोपली खुशाल मागच्या सीटवर ठेवायची. एकदा तर कुणीतरी आत दुपारची झोप काढून, जाताना काचा नीट वर करून गेलं होतं. बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत ती मोतिया रंगाची जुनी गाडी जवळपास सार्वजनिक मालमत्ता होऊन बसली होती.

श्रीरंगला हे बघवत नसे. आतोबा गेल्यापासून गाडीचं पुसणं, तेलपाणी, लाड सगळं तोच करत होता. गाडी मात्र आत्याच्या नावावर होती, आणि तिला मूलबाळ नसल्यानं ती एका भाच्याकडे जाणार हे उघड होतं. आता भाचे होते दोन. दुसरा तनय, पुण्याहून येऊन इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारा. तो दर भेटीत गाडीभोवती फेरी मारून म्हणायचा, "आत्या, इंजिन काढून टाकू, बॅटरी बसवू. एकदम रेट्रो!" इंजिन काढायचं म्हटलं की श्रीरंग बॉनेटवर हात ठेवून आडवा उभा राहायचा.

"आयुधपूजेदिवशी, खंडेनवमीला, गाडी कुणाची ते सांगून टाकते," आत्यानं गणपतीतच जाहीर केलं होतं. श्रीरंगनं तिला आपल्या सेवेची हळूच आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "चमच्यानं उघडणारी गाडी तुला देऊन काय करू रे रंग्या? त्यापेक्षा चमचाच देते की."

झालं. हे वाक्य श्रीरंगच्या फारच जिव्हारी लागलं. जे. सी. रोडच्या मोटारबाजारातून त्यानं रिमोटवर चालणारी नवीकोरी कुलपं आणली. जुनी किल्लीची भोकं बुजवून टाकली. चोर तिकोनी काचेतून हात घालतात असं त्याच्या वाचनात आलं, म्हणून त्या काचांना खिट्ट्या बसवून त्या चार बोटांपुरत्याच उघडतील अशी सोय केली. तरीही एखादा सडपातळ चोर निघाला तर? म्हणून दारांच्या आतल्या मुठी काढल्या आणि काचा खालीवर करायचे दांडेही काढले. फक्त मागच्या डाव्या दाराला त्यानं हात लावला नाही. ते दार आतोबांनी एकदा खांबावर घासलं, तेव्हापासून उघडलेलंच नव्हतं. जे उघडतच नाही त्याला कुलूप कशाला?

"अहो, गाडी करताय की तिजोरी?" बायकोनं, शालननं, विचारलं.

"बघशील तू," श्रीरंग म्हणाला.

आयुधपूजेला सकाळीच गाडी नटली. झेंडूचे हार, बॉनेटवर गंधाचे पट्टे, चाकांखाली लिंबं, आणि गाडीच्याच बॅटरीवर लुकलुकणारी दिव्यांची माळ. घरात देवापुढे पाटावर पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, विळी, वरवंटा सगळ्यांना हळदकुंकू लागलं. आरती झाल्यावर आत्या नवी इरकल नेसून ऐटीत मागच्या सीटवर बसली. तनय आला की हेब्बाळच्या तळ्यापर्यंत फेरी आणि तिथंच निकाल, असं ठरलं होतं.

"आता बघ हं आत्या," म्हणत श्रीरंगनं दार लावलं आणि रिमोट दाबला. खट्! सगळी कुलपं एका दमात लागली. आत्यानं आतून मान डोलावली. त्याच क्षणी बॉनेटवरची दिव्यांची माळ केविलवाणी लुकलुकली आणि विझली.

श्रीरंगनं पुन्हा बटण दाबलं. मग दोनदा, मग जोर लावून, मग रिमोट शर्टाला पुसून. सकाळपासून जळणाऱ्या माळेनं म्हाताऱ्या बॅटरीचा जीव घेतला होता, आणि कुलपाला जोर द्यायचा शेवटचा घासही आत्ताच संपला होता.

"काय झालं रे?" तिकोनी काचेतून आवाज आला.

"काही नाही आत्या. बॉनेट उघडून बॅटरीला दुसऱ्या बॅटरीची तार जोडली की झालं. तो स्टिअरिंगखालचा खटका तेवढा ओढ."

"मला वाकायला डॉक्टरनं बंदी घातलीय. पुढच्या सीटवरून उड्या मारायला तर त्याहून."

श्रीरंगनं पुढच्या तिकोनी काचेतून स्वतः हात घालून पाहिला. बोटं गेली, पंजा अडकला. चोराचा कसा अडकेल, याचा चोख अनुभव त्याला मिळाला. हात सोडवायला शालनला खोबरेल तेल आणावं लागलं.

मेकॅनिक चंदनला फोन लावला. तिकडे नादस्वर वाजत होतं. "सर, आज आयुधपूजा! सगळ्या पान्यांना कुंकू लावलंय. आज पान्याला हात नाही. उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच, सरी? ठीक ना?"

इलेक्ट्रिशियननं तेच सांगितलं. कुलूपवाल्यानं तेच सांगून वर सणाच्या शुभेच्छा दिल्या. सबंध बंगळुरात त्या दिवशी एकही हत्यार कामावर नव्हतं. शेवटी शालनच म्हणाली, "घरातला स्क्रूड्रायव्हर घ्या हो. माणूस अडकलंय, देव काही म्हणणार नाही."

देव काही म्हणालाही नसता. पण आतून अडकलेलं माणूसच कडाडलं, "खबरदार! उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतल्या हत्याराला हात लावलात तर! आमच्या निपाणीच्या घरात असं कधी झालं नाही!"

"अगं, पण तुलाच बाहेर काढायचंय!"

"मी कुठं म्हटलं मला घाई आहे म्हणून? हवा छान येतीय. स्वल्प कॉफी मिळंल का?"

पेला काचेतून जाईना, म्हणून कावेरीअक्कांनी नारळपाण्याची नळी आणली. कॉफीनंतर आत्यानं दोसा मागितला, तो गुंडाळी करून आत सरकवण्यात आला. मग तिला विडा हवासा झाला. गल्ली गोळा झाली. फुलवाली काचेतून आत्याला म्हणाली, "अक्का, काल माझी टोपली ठेवायला आले तर दारच उघडंना. मला वाटलंच, काहीतरी बिघडलंय." श्रीरंगला रडावं की हसावं कळेना. गाडी हातची गेली, हे मात्र त्याला स्वच्छ कळलं.

तेवढ्यात तनय आला. त्यानं परिस्थिती एका नजरेत ओळखली, कंपाउंडमधली वीट उचलली आणि हसत म्हणाला, "आत्या, डोन्ट पॅनिक! जरा पलीकडे सरक. काच फोडतो, टू मिनिट्स!"

"थांब!" श्रीरंग मध्ये पडला. "ती काच आता कुठंही मिळत नाही!"

शालननं कपाळावर हात मारला. कावेरीअक्का कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या, ते चांगलं नव्हतं. आतून आत्या चष्म्यावरून त्याच्याकडे टक लावून बघत होती. श्रीरंगला आपल्याच शब्दांची शरम वाटली. उन्हं चढत होती, आत बिचारी सत्तरी उलटलेली बाई, आणि आपण काचेचं काय घेऊन बसलोय?

त्यानं तनयच्या हातातून वीट घेतली. "मी फोडतो," तो म्हणाला. गाडीच्या टपावरून त्यानं एकदा हात फिरवला, डोळे गच्च मिटले आणि वीट उगारली. मिटल्या डोळ्यांतूनही पाणी आलंच.

"ठेव ती वीट खाली, मुलखाच्या वेड्या!"

आवाज काचेमागून आला नव्हता. श्रीरंगनं डोळे उघडले. गाडीच्या पलीकडे, मागच्या डाव्या दाराशी, आत्या इरकलीच्या निऱ्या झटकत उभी होती.

"ते... ते दार उघडत नाही!"

"तुमच्यासाठी नाही उघडत. मूठ वर उचलायची अन् कमरेनं एक दणका द्यायचा. आतोबांशी वाजलं की मी सिग्नलला इथूनच उतरायची. मरेपर्यंत त्यांना कळलं नाही, बाई जाते कुठून."

"म्हणजे तू पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून. पण दोसा चांगला मिळत होता." आत्यानं दोघा भाच्यांकडे पाहिलं. "हा तनय काच फोडत होता हसत, अन् तू रडत. गाडी रडणाऱ्याला. निकाल लागला."

श्रीरंग गाडीला वळसा घालून धावत आत्याकडे गेला. त्यानं वाकून नमस्कार केला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. तनयनंसुद्धा दिलदारपणे त्याच्या पाठीवर थाप मारली. आत्या भलतीच खूश झाली आणि त्या खुशीत तिनं, आयुष्यभराच्या सवयीनं, मागचं दार धाडकन लावून टाकलं.

टाळ्या थांबल्या.

"आत्या," श्रीरंग हळूच म्हणाला, "ते बाहेरून कसं उघडायचं?"

आत्यानं विचार केला. मग दाराकडे पाहिलं. मग पुन्हा विचार केला.

"बाहेरून ते कधीच उघडलं नाही," ती म्हणाली. "पण बंदोबस्त म्हणशील तर झकास केलायस हो. आता चल, हेब्बाळला जायचंय की नाही? ऑटो बघ."

ऑटोलाही हार घातलेला होता. गल्लीच्या वळणावर गाडीच्या नव्या मालकानं बाहेर मान काढून आपली गाडी डोळे भरून पाहिली, आणि कुणी चोरू नये म्हणून रिमोटचं बटण एकदा दाबून घेतलं.