तीनशे सत्तर घोड्यांचा मान

डेल्बर्ट क्राउसच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये तीनशे सत्तर घोड्यांची ताकद होती. इंडियानातल्या व्हिटकॉम्ब गावात हे ज्याला माहीत नव्हतं तो माणूस बहुधा कालच जन्मला असावा. गाडी सत्तर सालची. त्याचा मेहुणा वेंडेल हेच मॉडेल चालवायचा, पण पंच्याहत्तर सालचं, आणि त्याच्या पुस्तिकेत आकडा छापला होता एकशे पासष्ट. पाच वर्षांत निम्म्याहून जास्त घोडे गळाले, यावरून डेल्बर्ट दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता मेहुण्यालाही सोलून काढायचा.

यंदा चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे कोण, यावरून जुन्या गाड्यांच्या क्लबात वाद पेटला. इतकी वर्षं तो मान डेल्बर्टचा. त्याचा जीवच होता त्यात.

"ज्याचे घोडे जास्त तो पुढे! हाच नियम करा!" डेल्बर्ट गरजला.

"मग मोजूनच घेऊ ना दाजी," वेंडेल शांतपणे म्हणाला.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ट्रूडी व्हान्स आपलं मोजायचं यंत्र घेऊन जत्रेच्या मैदानावर आली. गाडीची चाकं फिरत्या रुळांवर चढवायची आणि इंजिन पूर्ण ताकदीने पळवायचं, की पडद्यावर आकडा येतो. डेल्बर्टची गाडी अशी काही गरजली की आजूबाजूची कुत्री शेपूट घालून पळाली. मग आकडा आला. दोनशे बारा.

डेल्बर्टचा आ वासला तो मिटेचना. "तुझं यंत्र बिघडलंय!"

"यंत्र ठीक आहे काका," ट्रूडी म्हणाली. "सत्तर साली इंजिन नुसतं टेबलावर ठेवून मोजायचे. पंखा नाही, सायलेन्सर नाही. बहात्तरपासून सगळं अंगावर चढवून मोजायला लागले. त्यात मी मोजते चाकांपाशी. वाटेत थोडं सांडतंच."

"म्हणजे माझी पन्नास वर्षं..." डेल्बर्ट मटकन गवतात बसला.

वेंडेलला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "दाजी, बाकीचे कुठे चरायला गेले?"

"तुझी चढव आधी!"

"नको. माझे कागदावरच सुखी आहेत." एवढ्यात डेल्बर्टची बायको लोर्ना बटाट्याच्या सॅलडची पातेली घेऊन आपल्या व्हॅनमधून आली, आणि वेंडेलला अवदसा आठवली. "ताई, तुझी पण चढव गं. गंमत!"

गंमत दोनशे एकतीसवर थांबली.

लोर्नाने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! हिच्यातून मी नुसते कांदे आणते!"

क्लबात नवराबायको दोघांची नावं होती आणि नियम डेल्बर्टचाच होता. तो रात्रभर छताकडे बघत पडला.

सकाळी बँड वाजू लागला. सगळ्यात पुढे व्हॅन, तिच्यामागे एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून डेल्बर्ट. शेरीफने शिट्टी वाजवली आणि काय होतंय हे कळायच्या आत व्हॅन सुसाट सुटली. लोक खुर्च्यांवरून उठेपर्यंत ती कोर्टाच्या कोपऱ्यावरून दिसेनाशीही झाली.

"कोण हा मूर्ख, मिरवणुकीच्या रस्त्यात घुसला?" म्हातारी मिसेस पोएट कडाडली. तेवढ्यात लाल गाडी दिसली आणि सगळा रस्ता उभा राहिला. "आली, आली! मिरवणूक आली!"

डेल्बर्टने हात हलवायला सुरुवात केली, आणि शेवटपर्यंत हलवतच राहिला.

नदीकाठी व्हॅनला टेकून लोर्ना बर्फाचा गोळा खात होती. डेल्बर्ट धावतच तिच्यापाशी आला.

"तू मुद्दाम केलंस?"

"मी कशाला?" लोर्ना म्हणाली. "बिचाऱ्या घोड्यांना इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं की ते दोनशे एकतीस आहेत. काल कळलं आणि उधळले."