पस्तीस रुपये पाच पैसे

मोकल गुरुजी माझ्या दुकानात कधीही नेमके पैसे देत नाहीत. नारळ पस्तीसचा असेल तर ते मोबाइलवरून पस्तीस रुपये पाच पैसे पाठवतात. काउंटरवरचा, पैसे आल्याची वर्दी देणारा डबा बाईच्या आवाजात बोलतो, "पस्तीस रुपये पाच पैसे मिळाले." ते ऐकून गुरुजी इतके तृप्त होतात, की नारळ तिथेच विसरून घरी जातात.

दिवेआगरच्या शाळेला खेटून दुकान थाटलं, ही माझीच चूक. दशांश अपूर्णांकांचा धडा आला की गुरुजी अख्खा वर्ग घेऊन माझ्या पायरीवर येतात. हल्लीच्या मुलांनी पाच पैसे पाहिलेत कुठे? यंदा पहिल्याच दिवशी एका पोरीने विचारलं, "गुर्जी, पैसे म्हंजे रुपयेच ना?"

"न्हाय गं बाय. एका रुपयाचे शंभर सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हंजे पैसा."

मग खडूने चौकटी आखल्या जातात. आधी रुपयाची, मग टिंब, मग दहा पैशांची, शेवटी एका पैशाची. एक रुपया पाच पैसे मांडायचे तर दहा पैशांच्या चौकटीत कुणी नाही, म्हणून तिथे शून्य. मुलं हमखास १.५ लिहितात. गुरुजी तेवढेच मला पाठवतात. डबा ओरडतो, "एक रुपया पन्नास पैसे मिळाले."

"बघा," गुरुजी म्हणतात, "मधलं शून्य खाल्लं की केवढ्याला पडतं."

तोवर गिऱ्हाईक ताटकळतं आणि मी चरफडतो. पण बोलणार काय? मीही त्यांचाच विद्यार्थी. त्यांची लेक मंजिरी माझ्याच वर्गात होती. तीही १.५ लिहायची, आधी चुकून, पुढे बापाला चिडवायला मुद्दाम.

मंजिरीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. गुरुजी अडून बसले, लग्नाला गेले नाहीत, आणि बापलेकीचं बोलणंच तुटलं. मंजिरीची आई गेल्यापासून ते घरात एकटे असतात. दर रविवारी ते मंजिरीला एक रुपया पाच पैसे पाठवतात आणि मोबाइल माझ्यापुढे धरतात. "पोचले का रे?"

पैसे पोचलेले असतात. उत्तर आलेलं नसतं.

"कामात असेल," म्हणत ते पिशवी उचलतात. एक फोन करायला यांचं काय जातं, म्हणून मला त्यांचा भयंकर राग येतो, आणि दयाही.

परवा असाच वर्ग पायरीवर बसला होता. गुरुजी काउंटरकडे पाठ करून चौकटी आखत होते. "बोला, एक रुपया पाच पैसे कोण मांडणार?"

तेवढ्यात डबा बोलला, "एक रुपया पन्नास पैसे मिळाले."

गुरुजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मधलं शून्य कुणी खाल्लं?"

"मी, अण्णा."

काउंटरपाशी मंजिरी उभी होती. खांद्याला बॅग, हातात मोबाइल.

गुरुजी खडू हातात धरूनच वळले. पायरीवरच्या त्या पोरीला राहवेना. "गुर्जी, चुकलं ना त्यांचं?"

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "चुकलं," ते म्हणाले. "पण तिला पैकीच्या पैकी द्या."

मुलांना शाळेत धाडून दोघं घरी निघाली. जाताना गुरुजींनी नारळ घेतला, आणि चक्क तो बरोबर नेला. पैसे द्यायला मात्र विसरले. मी आठवण केली नाही.