घड्याळासाठी एक मनगट

रोहिदासबाब घरी मनगटी घड्याळांचे फोटो काढत, आणि ते काढत अर्धांगवायूने पडलेल्या बायकोच्या हातावर.

डिचोलीच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला तसा तो बंद झाला. पुढे खाणीही बंद पडल्या. दारात ट्रक असलेल्यांनी आधी ट्रक विकले, मग दागिने, मग गल्फातल्या मेव्हण्यांनी आणलेली घड्याळं. विकायची ती मोबाईलवर, त्याला फोटो चांगला लागतो, आणि खिशातल्या कॅमेऱ्यांना तो जमत नव्हता. तेव्हा लोकांना रोहिदासबाब आठवले.

ते पैसे घेत नसत. अपमान मात्र भरपूर करत. काचेवर बोटांचे ठसे दिसले की, "घड्याळ रे हें, भजें न्हय," म्हणत चष्म्याच्या फडक्याने पुसत. मुलामा उडालेली बाजू लपवा, असं एकाने सुचवलं. "लग्नांचे फोटो काडटालों तेन्ना सगळ्यांचें सगळें लपयलां. आतां पुरो."

पहिला फोटो मेजावर, काळ्या कापडावर. दुसरा मनगटावर, कारण घेणाऱ्याला घड्याळ हातात कसं बसतं ते पाहायचं असतं. हे मनगट शेवंतीवयनींचं. आजारानंतर त्यांचा डावा हात हलत नव्हता आणि बोलणं तुटक झालं होतं. "माझो हात कांपता, हिचो हालना. स्टँड विकतें कित्याक घेऊं?" असं रोहिदासबाब त्यांच्यासमोरच म्हणत.

गावात यावर चवीने बोललं जाई. "जिवंतपणीं बायलेचें स्टँड केलें बघ, भाई," शेजारची प्रमिला मला म्हणाली. ती स्वतः आजारपणाच्या सुरुवातीला एकदा डोकावली होती, त्यानंतर त्या घरात गेली नव्हती. घड्याळाच्या कामाशिवाय कोणीच गेलं नव्हतं.

मी माझं एक घड्याळ घेऊन गेलो. सासऱ्यांनी दिलेलं, जड, मला कधीच न आवडलेलं. मेजावरचा फोटो पटकन झाला. मग आतली खोली.

"पट्टो तूंच बांद," रोहिदासबाब म्हणाले. "घड्याळ तुजें."

मी वयनींचा हात उचलून घड्याळ चढवलं. हात थंड असेल असं वाटलं होतं. नव्हता.

रोहिदासबाबांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली. "उजेड अजून कच्चो आसा. पिकूंदी. बस त्या कदेलार."

खुर्ची खाटेला लावून ठेवलेली होती. इतक्या जवळ बसल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं.

"आवय... बरी?" वयनींनी विचारलं.

मी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, परसातल्या अळवाचं सांगितलं. प्रमिलेची सून भांडून माहेरी गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या अर्ध्या तोंडाने मनसोक्त हसल्या. "बरें... केलें तिणें." रोहिदासबाब आमच्याकडे पाठ करून कॅमेऱ्याशी खुडबुडत होते. बोलणं थांबलं की वळून उजेड पाहत आणि तो अजून कच्चाच असे.

निघताना मी खोलीकडे नीट पाहिलं. खिडकी एकच, उत्तरेला, फणसाच्या झाडाआड. तिथला उजेड दिवसभर बदलण्याचं काही कारण नव्हतं.

नंतर नवे मोबाईल आले. त्यांना पिकलेला उजेड लागत नाही. लोक आपापल्या मनगटावर आपणच फोटो काढू लागले, आणि विकण्यासारखी घड्याळंही संपत आली. रोहिदासबाबांच्या दाराशी कोणाची चप्पल दिसेनाशी झाली.

परवा ते बसस्टँडवर भेटले. मला पाहून रस्ता ओलांडून आले.

"तुज्या घड्याळाचो तो फोटो हालला रे. परत काडूंक जाय."

तो फोटो माझ्याकडे आहे. काट्यावरची धूळ दिसावी इतका स्वच्छ.

"रोहिदासबाब, तें घड्याळ केन्नाच विकलें."

त्यांनी चष्मा काढून फडक्याने पुसला.

"मागीर दुसरें घेवन यो," ते म्हणाले. "बंद आसलें तरी चलता."