जगूभाऊंची शेवटची कोरी तबकडी

जगूभाऊंच्या ओटीवर खोकायला मनाई होती. शिंकणाऱ्याला तर ते थेट अंगणात काढत. मुंबईतल्या नव्हे, आमच्या गावाकडच्या माहीमच्या वाडीत पानवेली जपणारा हा माणूस एरवी अगदी गरीब गाय; पण रविवारी यंत्र उघडलं की भल्याभल्यांची बोलती बंद करी.

यंत्र म्हणजे कोऱ्या तबकडीवर गाणं कोरणारी पेटी. मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून भाऊंनी ती हौसेने आणली होती. माइकसमोर गायचं, सुई तबकडीवर रेघ कोरत जाणार आणि खरवडलेल्या भागाचा काळा दोरा वर निघत राहणार. तो सुईत अडकू नये म्हणून ब्रशने बाजूला सारायचं काम, शेजारी म्हणून, माझ्या गळ्यात. आठवडाभर शाळेत ओरडून मी थकलेला, आणि रविवारी इथे श्वास कोंडून बसायचं!

"मास्तर, हात हलला तुमचा," भाऊ नंतर दटावत. "कोरलं ते कोरलं! याला खोडरबर नाय."

इतकं करून हाती काय? बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याने वीज ओढली की कोरताना यंत्र मंदावायचं. मग नेहमीच्या वेगाने ऐकताना आमचे साठीचे भजनीबुवा दुसरीतल्या पोरीसारखे किणकिणायचे. बुवा रुसायचे.

"आवाज तुमचाच हाय बुवा," भाऊ समजूत घालत, "वय तेवढं कमी केलंय."

पुढे कोऱ्या तबकड्या मिळेनाशा झाल्या. शेवटची एक उरली, तिच्यावर भजनी मंडळाने हक्क सांगितला. भाऊंनी साफ नकार दिला. त्यांच्या बायकोच्या, काशीवहिनींच्या, घशात गाठ निघाली होती. मुंबईत ऑपरेशन ठरलं होतं. गाठ जाईल, पण आवाजही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

कारखाना बंद असलेला दिवस गाठून भाऊंनी वहिनींना माइकसमोर बसवलं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"मला गानं कुठं येतं?"

"गाऊ नको. मी वाडीत असतो तवा हाक मारतेस ना, तशी मार."

भाऊंनी सुई टेकवली. वहिनी मान वर करून म्हणाल्या, "आवो, च्या झाला! येता ना?"

"आलो, आलो!" म्हणत भाऊ यंत्रापाशीच ताडकन उठले. मग त्यांना भान आलं, आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. मला हसू आलं आणि रडूही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. वहिनी घरी आल्या, त्या मुक्याने. आता चहा झाला की त्या तबकडी लावतात आणि आवाज पूर्ण वाढवतात. भाऊ वाडीतून हातातलं टाकून निघतात.

या तबकड्या मऊ असतात. दर वेळी सुई थोडा आवाज खरवडून नेते. परवा शाळेतून दमून येताना कुंपणापाशी मी न राहवून म्हणालो, "भाऊ, रोज लावू नका. आताच खरखर जास्त आणि वहिनी कमी ऐकू येतात. जपून ठेवा."

"ठावूक हाय, मास्तर." त्यांनी हातांची माती झटकली. "पन मग तिनं मला बोलवायचं कसं?"

आणि ते चहाला गेले.